परीक्षक काय म्हणाले

ज्या वाक्यावर आमचं नाटक चोवीस वर्षं चाललं, ते मी एका दुपारी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून बनवलं होतं. टेम्पो अलिबागहून पेणला परत चालला होता आणि वडखळ नाका यायचा होता. वाक्य बनवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. ते खोटं होतं हे ज्याला सांगायला हवं होतं, त्याला सांगायला मात्र चोवीस वर्षं लागली. त्याबद्दल मला आजही बरं वाटत नाही. तरीही ती वर्षं आठवली की पहिल्यांदा हसूच येतं, हेही खरं सांगून टाकतो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पेणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी होती. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि शाळा सुटली की नाटक बसवायचं. नाटक मीच लिहिलेलं, तीन पात्रांची एकांकिका: एक म्हातारा शेतकरी, शेत कंपनीला विकायला निघालेला त्याचा मुलगा आणि दोघांच्या मधे सापडलेली सून. आमच्याकडे तेव्हा प्रत्येक गावात असं एक तरी घर होतं, त्यामुळे गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही.

म्हाताऱ्याचं काम करायचे ते काका आमच्या आळीतले. त्यांचा गणपतीचा कारखाना होता. साचे, रंग वगैरे कारागीर बघायचे, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी काका स्वतःच करायचे. मुलगा झालेला माझा मित्र अष्टमी गावचा, रोह्याच्या पुलापलीकडचा. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तीन पाळ्यांत कामाला. तो मला नावाने कधी हाक मारत नसे, ‘डायरेक्टर’ म्हणायचा आणि त्यात थोडी टिंगल असायची. सून व्हायच्या त्या बाई रोह्याजवळ वरशाच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. तेव्हा मी त्यांना ‘बाई’ म्हणत होतो. आज त्या माझ्या बायको आहेत, पण ते सगळं नंतरचं.

चतुर्थी झाली की काकांचा कारखाना दोन-तीन महिने थोडा मोकळा होई. माघी गणपतीच्या काही मूर्ती कोपऱ्यात असायच्या, बाकी जमीन आमची. अडचण एकच होती: तिघं एका वेळी जमायचे नाहीत. मित्राची पाळी दर आठवड्याला बदलायची, बाईंना शाळा सुटल्यावर रोह्याहून एसटी मिळाली तर त्या यायच्या. म्हणून मी एक शास्त्र शोधून काढलं होतं. जमिनीवर खडूने फुल्या मारायच्या आणि त्यांना आकडे द्यायचे. एकूण एकवीस फुल्या. “तीनवर वाक्य, पाचवर वळायचं, सातवर तांब्या ठेवायचा.” जो येईल त्याच्याकडून आकडे घोटून घ्यायचे. साच्यात माल ओतला की मूर्ती बाहेर येते, तसं नाटक बाहेर येईल अशी माझी खात्री होती.

आणि जो नट आलेला नसेल, त्याच्या फुलीवर काका रंग न दिलेली एक गणपतीची मूर्ती आणून ठेवायचे, दोन फुटांची. बाईंनी नवऱ्याशी कडाक्याचं भांडण महिनाभर त्या मूर्तीशी केलं. भांडायच्या आधी त्या दोन्ही हात जोडून डोळे मिटायच्या.

“हे नाटकात आहे का?” मी एकदा विचारलं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या, “आधीच माफी मागून ठेवते. केवढं बोलते मी त्याला!”

काका कोपऱ्यातून म्हणायचे, “बोल गो तू. तो ऐकून घेतो सगळ्यांचं.”

मी मात्र हसत नसे. मी दिग्दर्शक होतो. कुणाचं काही चांगलं झालं तरी मी “पुढे” एवढंच म्हणायचो. चांगलं म्हटलं की नट सैलावतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते मला फार पटलं होतं.

एकांकिका स्पर्धा अलिबागला होती. त्या दिवशी, प्रयोगाच्या आधी मी तिघांना रंगमंचावर नेलं तेव्हा काळा गालिचा अंथरलेला होता. फुल्या मारायची सोय नव्हती. मी म्हटलं, “काही बिघडत नाही, आकडे डोक्यात आहेत.” पडदा उघडला. आणि माझे तिन्ही नट खाली बघत चालू लागले. काका शेतकऱ्याच्या दुःखाने नव्हे, तर अकरा नंबर कुठे आहे या काळजीने वाकले होते. मित्र एकदा चक्क मागे फिरून मोजत आला. मग भांडण आलं. बाईंनी हात जोडले नाहीत, तेवढं भान राहिलं. पण त्यांनी मान खाली घातली आणि दोन फुटांच्या उंचीवर नजर लावून सगळं भांडण नवऱ्याच्या गुडघ्यांशी केलं. प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. मित्रही गोंधळून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागला.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. आम्हाला काहीच मिळालं नाही. नंतर परीक्षकांनी एकेका दिग्दर्शकाला पाच मिनिटं आत बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते, केळं खात बसले होते. मलाही एक दिलं.

“तुमचे नट जमिनीवर काहीतरी शोधत होते,” ते म्हणाले. “काय हरवलं होतं?”

मी फुल्यांचं सांगितलं. मूर्तीचंही सांगितलं. ते केळं खाली ठेवून पोटभर हसले. मग एकदम गंभीर झाले.

“तुम्ही त्यांना कधी चांगलं म्हणता का?”

“चांगलं झालं की म्हणेन.”

“म्हणजे अजून एकदाही झालेलं नाही?”

मी हातातलं केळं सोलायला घेतलं. “तुमचा नटांवर विश्वास नाही,” ते म्हणाले. “म्हणून फुल्या लागतात. नट वाईट नाहीत हो. तुम्ही त्यांना मोकळं सोडलेलं नाही.” बस, एवढंच. नटांपैकी एकाचंही वेगळं नाव त्यांनी काढलं नाही. दोष सगळा माझ्या पदरात घातला आणि तो माझाच होता.

टेम्पोत एक बाज, एक कणगी आणि आम्ही चौघं. बऱ्याच वेळाने मित्र म्हणाला, “डायरेक्टर, आपलं झालं हां. सोमवारपासून मी ओव्हरटाइम घेतो. घरचे पण बोलतात. गुडघ्यांशी भांडण ऐकायला नाय आता जमायचं.”

बाई खिन्न हसल्या. काकांनी विचारलं, “परीक्षक काय म्हणाले?”

खरं सांगायचं मी ठरवलं होतं. देवाशप्पथ ठरवलं होतं. पण मित्राच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून आलं, “तुमच्याबद्दल बोलत होते, काका. सगळ्यांसमोर नाही बोलले, मला बाजूला घेऊन म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरून नजर हलत नव्हती म्हणाले.”

काका सरळ बसले. बाईंनी घाईने विचारलं, “आणि मी?”

“तुम्ही तांब्या ठेवण्याआधी थांबलात ना, तसं थांबणं त्यांनी या स्पर्धेत दुसरीकडे बघितलं नाही.”

वास्तविक तेव्हा त्या सात नंबरची फुली शोधत थांबल्या होत्या.

मित्राने काहीच विचारलं नाही. तो बाहेर बघत होता. मीच म्हटलं, “आणि तुझ्याबद्दल म्हणाले, या माणसाला नाटक सोडू देऊ नका.”

त्याने मान वळवली. “असंच म्हणाले?”

“असंच.”

“शब्द हेच?”

“हेच.”

वडखळ नाक्यावर टेम्पो थांबवून त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. काकांनी पेढे घेतले. टेम्पोवाल्याने विचारलं, “पहिला नंबर आला वाटतं?” तर काका म्हणाले, “त्याहून मोठं आहे, तुला नाही कळायचं.” स्पर्धा हरून पेढे वाटत गावात शिरणारी मंडळी पेणने पहिल्यांदाच बघितली असेल.

पुढच्या वर्षी त्याच एकांकिकेत दुरुस्त्या करून आम्ही पुन्हा उतरायचं ठरवलं, आणि माझी फजिती सुरू झाली. काका बोलेनासे झाले. वाक्य आलं की ते नुसते बघत राहायचे.

“काका, वाक्य.”

“बघतोय ना मी.”

“बघून झालं की बोला.”

“परीक्षकांना बघणं आवडलं होतं.”

बाई थांबू लागल्या. तांब्याआधी थांबायच्या, तांब्यानंतर थांबायच्या, दारातून आत येण्याआधी थांबायच्या. पस्तीस मिनिटांची एकांकिका पन्नास मिनिटांवर गेली. आणि मी कुणाला ओरडू शकत नव्हतो, कारण हे सगळं खुद्द परीक्षकांनी वाखाणलेलं होतं.

मित्राचं मात्र वेगळं झालं. तो अभिनय करायचा थांबला आणि काम करू लागला. पहिली पाळी संपली की तसाच एसटी धरून यायचा, आल्याआल्या कारखान्यातली भुकटी झाडून काढायचा. तिघांचीही वाक्यं त्याने पाठ केली. एसटीत बाई भेटल्या की दोघं वाटेतच भांडणाचा प्रवेश म्हणायचे. एकदा नागोठण्याच्या आसपास “माझ्या बापाला दोन घास घालायला तुझा हात मोडतो का?” हे वाक्य त्याने असं म्हटलं की पुढच्या सीटवरची खाडीकडची एक आजी उठून उभीच राहिली.

“गो बाय,” ती बाईंना म्हणाली, “कशाला जगतंस ह्याच्याबरोबर? उतर नि जा माहेरी.”

“आजी, नाटक आहे हो हे.”

“सगल्यांचा नाटकच असता गो,” म्हणून आजी बसली आणि अष्टमीच्या त्या भल्या माणसाकडे पेणपर्यंत डोळे वटारून बघत राहिली. हे सांगताना मित्र कारखान्यात लोळायचा बाकी होता. म्हणाला, “डायरेक्टर, एवढं बक्षीस मला कोण देणार!”

त्याला इतकं आनंदात बघून मी नजर चुकवायचो. प्रयोगाला तीन आठवडे राहिले होते, नाटक फुगून बसलं होतं. खरं सांगितल्याशिवाय ते ताळ्यावर येणार नाही हे मला कळून चुकलं. आणि इथे मी जे केलं तेच माझं खरं पाप आहे, टेम्पोतलं नव्हे. मी त्याच्या पाळ्यांचा तक्ता बघितला. बुधवारी त्याची सेकंड शिफ्ट होती. मी बुधवार निवडला.

काका माघी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. बाई बाजेवर बसल्या होत्या. मी परीक्षकांचं खरं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, केळ्यासकट.

“म्हणजे माझं थांबणं चांगलं नव्हतं?” बाईंनी विचारलं.

“चांगलं होतं.”

“हे कोणाचं मत?”

“माझं.”

“मग तुमच्या तोंडाला काय झालं होतं?” त्या उठल्या, पिशवी घेतली आणि साडेसातच्या एसटीला निघून गेल्या.

काकांनी मूर्तीवरून कुंचला उचलला नाही, मानही वर केली नाही. एक डोळा पुरा करून मग म्हणाले, “मला टेम्पोतच कळलं होतं.”

“कसं?”

“‘सगळ्यांसमोर नाही बोलले, मला बाजूला घेऊन म्हणाले.’ अरे, ते माझं वाक्य आहे. लहानपणापासून इथे खेळतोस तू.”

आणि मला आठवलं. श्रावणात गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं की काका त्याला बाजूला घ्यायचे आणि हळूच सांगायचे, “सगळ्यांसमोर नाही बोलत, पण यंदा तुमच्या गणपतीचे डोळे उतरलेत तसे दुसऱ्या कुणाचे नाहीत.” प्रत्येक गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक तरंगत घरी जायचं. माझं खोटंसुद्धा माझं नव्हतं.

“मग तुम्ही पेढे कशाला वाटलेत?”

“छान वाटलं म्हणून. खोटं असलं तरी डोळ्यांचं कुणी बोललं होतं का मला आजवर? मूर्तीचं बोलतात.” त्यांनी कुंचला धुतला. “पण एक आहे. मी गिऱ्हाइकाला तसं म्हणतो ना, मग पुढच्या वर्षी त्याच्या मूर्तीपुढे बसलो की हात आपोआप जपून चालतो. बोलून बसलेला असतो ना मी. आता तू बोललायस. तसं करून घे आमच्याकडून.”

मग ते उठले आणि पायाने खडूच्या फुल्या पुसायला लागले. अकरा नंबरवर जरा जास्तच जोर दिला. दारापर्यंत पुसत गेले आणि तिथून वळून म्हणाले, “त्याला सांगितलंस?”

“रविवारी सांगतो.”

रविवारी मी सांगितलं नाही. बाई आल्या, माझ्याशी न बोलता उभ्या राहिल्या आणि सबंध प्रवेश एकदाही न थांबता, एसटी सुटल्यासारखा म्हटला. काका आणि मित्र त्यांच्या मागे धावत होते. शेवटी तांब्या खाली ठेवताना त्या थांबल्या. एवढ्याशा. माझ्या अंगावर काटा आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तालमीत म्हटलं, “हे फार चांगलं झालं.”

तिघंही वळून माझ्याकडे बघू लागले. मित्राने पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावला. “ताप नाय,” त्याने जाहीर केलं.

त्यानंतरचे दोन-अडीच आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. फुल्या नव्हत्या, मूर्तीही नव्हती. जो नसेल त्याचं काम मी करायचो, फार वाईट करायचो, आणि ते मला मनसोक्त हसायचे. कोण कुठे उभं राहील हे मलाच माहीत नसायचं आणि रोज काहीतरी नवं बघायला मिळायचं. शाळेत परीक्षानळ्या धुताना मी घड्याळाकडे बघत असे. स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर दुसऱ्याच मंडळींचा आला आणि तो योग्य होता. आम्ही पुन्हा वडखळला मिसळ खाल्ली.

मित्राला सांगायचं राहिलं. आधी स्पर्धा होऊ दे म्हटलं, मग त्याची मुलगी झाली, मग माझं लग्न. लग्नानंतर घरात त्या परीक्षकांचा मुक्काम कायमचाच झाला. मी आमटीला छान म्हटलं की बायको विचारते, “हे तुम्ही म्हणताय की परीक्षक?” मित्र जेवायला असला की मात्र ती हे विचारत नसे. पानात वाढता वाढता माझ्याकडे नुसती बघायची. काकांकडून शिकली असावी.

मधे असे दिवस आले की मलाच नाटक नकोसं झालं. काका गेले. त्यांच्या मुलाने कारखान्यात वर्षभर काम सुरू केलं, जागा राहिली नाही. डोलवीच्या स्टील कंपनीत कंत्राटावर असलेल्या पोरांना घेऊन एक नाटक बसवत होतो, त्यांची कंत्राटं बदलली आणि ती पांगली. दोन वर्षं मी काहीच केलं नाही. दर रविवारी मित्राचा फोन यायचा.

“डायरेक्टर, काय बसवतोस?”

“काही नाही. सोडलं मी.”

“तू सोड. मला सोडता येत नाय. परीक्षकांनी सांगितलंय. मग मी काय एकटाच उभा राहू?”

आणि मी पुन्हा वही उघडायचो. माझंच खोटं मला दर रविवारी अष्टमीहून परत येत होतं आणि त्याच्यावर मी उठून कामाला लागत होतो. लाज वाटायची, आणि उत्साहही वाटायचा. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी तो कंपनीतून निवृत्त झाला. दुपारी निरोप समारंभ होता, आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. भाषणाला उभा राहून तो म्हणाला, “चोवीस वर्षांमागं एका मोठ्या परीक्षकांनी सांगितलं होतं, या माणसाला नाटक सोडू देऊ नका. मी त्यांना पुन्हा कधी भेटलो नाय. पण तीन पाळ्या करून मी माणसात राहिलो तो त्यांच्या एका वाक्यावर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मित्राच्या बायकोचा हात धरून ‘वहिनींबरोबर रिक्षाने पुढे जाते’ म्हणून ती निघून गेली. मला कळलं, तिने मला जागा करून दिली.

आम्ही दोघं कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीकडे चालत निघालो. त्याच्या गळ्यात हार, एका हातात नारळ, काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. पुलाच्या मध्यावर मी थांबलो आणि सांगितलं. टेम्पो, बुधवार, सगळं.

तो कठड्याला टेकला. नारळ या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, आता नारळ माझ्या डोक्यात घालतो.

“म्हणजे परीक्षक माझ्याबद्दल काय बोलले?”

“काहीच नाही.”

“चांगलं नाय, वाईट नाय?”

“नाही.”

“मग चोवीस वर्षं मी कोणाचं ऐकलं?”

“माझं.”

“तुझं?” तो माझ्याकडे वळला. “तुझं मी एक दिवस ऐकलं नसतं!” आणि तो हसायला लागला, घड्याळ निसटेपर्यंत हसला. मी ते वरच्या वर धरलं. मग त्याचं हसणं थांबलं आणि त्याने डोळे पुसले. “बुधवार मात्र वाईट केलास, डायरेक्टर. माझा पाळीतक्ता बघून केलास.”

“हो.”

“ते मी विसरायचो नाय.”

“नको विसरूस.”

मागून गाड्या जात होत्या. तो जरा विचार करून म्हणाला, “आणि तुझं मत काय होतं तेव्हा? तुझं स्वतःचं?”

“तेच. तू सोडू नये असं मलाच वाटत होतं. माझ्या तोंडून निघालं नसतं.”

“मग आता काढ.” त्याने हार नीट केला आणि सरळ उभा राहिला, पडदा उघडण्याआधी राहायचा तसा. “परीक्षक बाजूला ठेव. तू बोल.”

मी घड्याळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होतो. “तू नाटक सोडू नकोस,” मी म्हटलं.

नेमका तेव्हाच एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

“ऐकू नाय आलं,” तो म्हणाला. “परत बोल.”

मी परत बोललो, मोठ्याने. वरशाकडे चाललेला एक रिक्षावाला मान बाहेर काढून बघत गेला.